एल-१९ बर्ड डॉग: कोरिया की व्हिएतनाम, ६० अंशांचे फ्लॅप आणि १:५ मॉडेलसाठी काही शंका

मॉडेलवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. सेस्ना बर्ड डॉगचं, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या एल-१९ या हलक्या टेहळणी विमानाचं, १:५ प्रमाणातलं रेडिओ कंट्रोल मॉडेल बांधायला घेतोय. मूळ विमानाचा पंखविस्तार ३६ फूट, म्हणजे मॉडेलचा साधारण २.१९ मीटर. लांबी २५ फूट ९ इंच, ती १.५७ मीटर होते. सांगाड्याचा आराखडा हाताशी आहे, पण तो ढोबळ आहे. मला विमान कुठल्या तरी एका काळातलं आणि एका कामावरचं, नीट अभ्यासून करायचंय. म्हणून काही शंका:

कोरियातलं एल-१९ए आणि व्हिएतनाममधलं ओ-१ यांत नेमका फरक काय? नुसतं नाव बदललं की विमानही बदललं? हे सेस्ना १७० या चार जणांच्या नागरी विमानाचंच लष्करी रूप आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं? फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे झुकणारे भाग, ६० अंश खाली येतात म्हणे. इतके कशाला? मॉडेलमध्ये तेवढेच द्यावेत का? आणि मागे बसणारा निरीक्षक नक्की काय करायचा? कॉकपिटमध्ये त्याची जागा रिकामी ठेवायची नाहीये, त्याच्यापुढे काय काय असायचं ते कळलं तर बरं.

---

शेपटीचाक

आधी नावाचं सांगतो, कारण बहुतेक मॉडेलं तिथेच चुकतात. १९६२ मध्ये अमेरिकेने तिन्ही दलांच्या विमानांना एकाच पद्धतीची नावं दिली. त्याआधी लष्कराचं ते एल-१९ आणि मरीन कोअरचं ओई-१. त्यानंतर सगळी ओ-१. एल-१९ए चं ओ-१ए झालं, एल-१९ई चं ओ-१ई. तेव्हा १९५१ च्या कोरियातल्या विमानावर ओ-१ लिहिणं चूक, आणि १९६७ च्या विमानाच्या माहितीफलकावर एल-१९ लिहिलं तर निदान कंसात नवं नाव हवं.

फोटो तपासताना शेपटीवरचा आकडा बघा. पहिले दोन अंक म्हणजे खरेदीचं आर्थिक वर्ष, पण शेपटीवर त्यातला दुसराच अंक रंगवतात. समजा क्रमांक ५१-४५६७ असेल, तर शेपटीवर १४५६७. विमान दहा वर्षांपेक्षा जुनं झालं की पुढे शून्य आणि आडवी रेघ लावत, म्हणजे ०-१४५६७. व्हिएतनामच्या फोटोंत हे शून्य बरेचदा दिसतं आणि लोक ते इंग्रजी ‘ओ’ समजून ‘ऑब्झर्वेशन’चं अक्षर मानतात. ते शून्यच आहे. कोरियाचं मॉडेल करणार असाल तर ते अजिबात नको.

आता सेस्ना १७० चा प्रश्न. पंख आणि शेपटीची कूळकथा १७० ची आहे हे खरं, पण धड नवं आहे. पार्श्वभूमी अशी: दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यासाठी पायपर एल-४ आणि स्टिन्सन एल-५ वापरली. एल-४ ला जेमतेम ६५ अश्वशक्ती, एल-५ ला १८५ च्या आसपास. दोन्ही कापडाने मढवलेली. दमट हवेत, उघड्यावर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या विमानाला कापड आणि लाकूड टिकत नाही. शिवाय रेडिओ वाढले, वजन वाढलं, इंजिन पुरेना. १९४७ मध्ये हवाईदल वेगळं झालं आणि लष्कराकडे हलकी विमानंच उरली, तेव्हा त्यातलं एक तरी संपूर्ण धातूचं आणि दमदार हवं ही गरज पुढे आली. बोइंगने मधल्या काळात एल-१५ नावाचं विमान दिलं होतं, पण ते डझनभरच बनलं.

सेस्नाने स्वतःच्या पैशाने मॉडेल ३०५ तयार केलं. पहिलं उड्डाण १४ डिसेंबर १९४९ ला. स्पर्धेत ते निवडलं गेलं आणि १९५० मध्ये पहिली मागणी आली ४१८ विमानांची. त्याच डिसेंबरपासून विमानं मिळायला लागली, १९५१ च्या सुरुवातीला कोरियात पोचली. एकूण ३,४०० च्या वर बनली. इतका वेग जमला कारण पंखांचे साचे, चाकांचे पाय आणि बरीचशी जुळणी विचिटाच्या कारखान्यात आधीच चालू होती.

बदललं काय ते मॉडेलसाठी महत्त्वाचं. १७० मध्ये चार माणसं, दोन-दोन शेजारी. इथे दोनच, एकामागे एक, त्यामुळे धड अरुंद. बाजूच्या काचा बाहेरच्या बाजूला कलत्या, म्हणजे थेट खाली बघता येतं. पाठीमागचं धड खाली उतरवलेलं आणि मागे काच, म्हणजे शेपटीच्या दिशेलाही नजर जाते. कॉकपिटच्या वर, दोन पंखांच्या मधे पारदर्शक पट्ट्या. याचं कारण साधं आहे: वर पंख असलेलं विमान वळलं की आतल्या बाजूचा पंख खाली येतो आणि तुम्ही जिकडे वळताय तीच दिशा झाकतो. डोक्यावरच्या काचेतून ती दिसते. दार एकच, उजव्या बाजूला, आणि रुंद, कारण मागची जागा मोकळी करून स्ट्रेचर आत घालता यायला हवा होता.

तुमच्यासाठी यातून निघणारी एक गोष्ट: पंखातल्या सर्व्होंच्या (फ्लॅप वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) वायरी आणि पंख जोडण्याची नळी कॉकपिटच्या वरून नेलीत तर त्या काचेतून उघड्या दिसतील. वायरी पुढच्या कडेच्या मागून किंवा खिडकीच्या चौकटीतून खाली आणायची सोय आत्ताच करा. नंतर ते होत नाही.

इंजिन कॉन्टिनेंटल ओ-४७०-११, सहा सिलिंडर आडवे, २१३ अश्वशक्ती. त्या काळच्या १७० ला १४५ होती, यावरून फरक लक्षात येईल. पंखा (प्रॉपेलर) पात्यांचा कोन न बदलणारा, व्यास सुमारे ९० इंच. १:५ ला बरोबर १८ इंचांचा येतो, बाजारात सहज मिळतो. प्रशिक्षणासाठी बनलेल्या टीएल-१९डी ला पात्याचा कोन बदलणारा पंखा होता, ते रूप घेऊ नका, बाकी तपशील जुळवताना गोंधळ होईल. एल-१९ई मध्ये रचना मजबूत करून उड्डाणाचं वजन २,४०० पौंडांपर्यंत नेलं. टर्बोप्रॉप लावलेली एक-दोन प्रायोगिक रूपंही झाली, त्यातल्या एक्सएल-१९बी ने १९५३ मध्ये ३७,००० फुटांच्या वर जाऊन विक्रम केला, पण सेवेत त्यातलं काही आलं नाही.

---

तोफेचा_डोळा

मागच्या सीटबद्दल मी लिहितो. कोरियात या विमानाचं मुख्य काम तोफखान्याचा मारा जुळवणं हे होतं. जेट विमानांना लक्ष्य दाखवायचं काम तिथे प्रामुख्याने टी-६ ‘मॉस्किटो’ विमानं करत. तेव्हा १९५१-५३ चं एल-१९ करणार असाल तर पंखाखाली रॉकेटं लटकवू नका. निरीक्षकाला महत्त्व द्या.

त्याच्यासमोर काय असायचं? मांडीवर नकाशाचा फळा, त्यावर ग्रिडची पारदर्शक पट्टी, तेलकट पेन्सिल, दुर्बीण, रेडिओ. मागच्या सीटलाही थ्रॉटल आणि रडरची पेडलं, आणि काढता येणारी स्टिक. वैमानिकाला गोळी लागली तर निरीक्षकाने विमान घरी न्यायचं म्हणून ती सोय. निरीक्षण चालू असताना ती स्टिक काढून बाजूला अडकवलेली असे, कारण नकाशाला जागा लागते. मॉडेलमध्ये स्टिक जागेवर आणि नकाशा मांडीवर असं दोन्ही दाखवलंत तर जाणकाराला खटकेल.

आता मारा जुळवायचा कसा ते थोडं सविस्तर, कारण विमानाचं सगळं रूप या कामावरून ठरलंय. निरीक्षक लक्ष्याचा ग्रिड (नकाशावरच्या चौकटींतली जागा), लक्ष्य काय आहे, आणि जमल्यास उंची कळवतो. तोफांची बॅटरी, म्हणजे एकत्र मारा करणारा तोफांचा गट, एक-दोन गोळे टाकते. जमिनीवरचा निरीक्षक आपल्या नजरेच्या रेषेवरून ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ सांगतो. हवेतल्याला ते जमत नाही, कारण विमान फिरत असतं आणि त्याची नजरेची रेषा दर क्षणाला बदलते. म्हणून तो तोफ आणि लक्ष्य यांना जोडणारी रेषा धरतो आणि सगळ्या दुरुस्त्या तिच्यावरून देतो. त्यासाठी तोफा कुठे आहेत हे त्याला पक्कं माहीत हवं, आणि नकाशावर ती रेषा आधीच ओढून ठेवावी लागते. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: विमानाच्या उजवीकडे पडलेला गोळा ‘उजवीकडे’ म्हणून कळवला जातो, आणि पुढचा गोळा आणखी लांब जातो.

अंतराची दुरुस्ती कात्रीत पकडायच्या पद्धतीने. पहिला गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला तर ४०० वाढवा. तो पलीकडे पडला म्हणजे लक्ष्य दोहोंच्या मधे सापडलं. मग २०० कमी करा, मग १०० इकडे किंवा तिकडे, शेवटी ५०, आणि पूर्ण बॅटरीला मारा सुरू करायला सांगा. कोरियात ही अंतरं यार्डांत होती. छोट्या छोट्या उड्या मारत लक्ष्याकडे सरकत जाणं हा मोह टाळायचा असतो. त्यात गोळेही जास्त जातात आणि समोरच्याला पळायला वेळही मिळतो.

दुसरी गोष्ट वेळेची. गोळा हवेत पंचवीस-तीस सेकंद असू शकतो. तेवढ्यात विमान पाऊण मैल पुढे जातं. तोफांकडून गोळा सुटल्याची आणि तो किती सेकंदांत पडणार याची सूचना मिळते, पडायच्या पाच सेकंद आधी पुन्हा एक इशारा मिळतो. वैमानिकाचं कौशल्य म्हणजे आपल्या आघाडीच्या मागे आठाच्या आकड्यासारखे फेरे घेत राहायचं आणि इशारा येताना विमानाचं नाक किंवा निरीक्षकाची मोकळी बाजू लक्ष्याकडे असेल असं वळण बरोबर साधायचं. चुकलं तर धूर बसल्यावर नजर पोचते आणि तो गोळा वाया. आता कलत्या काचा, डोक्यावरची काच आणि कमी वेगात न लटपटणारा पंख हे सगळं कशासाठी ते जुळून येतं.

---

मॉडेलवाला_डोंबिवली

दोघांचेही मनापासून आभार. वायरींचा मुद्दा लक्षातच आला नसता. मागच्या निरीक्षकाच्या मांडीवर नकाशाचा फळा नक्की.

फ्लॅपचं अजून कळलं नाही. आणि १९७५ मध्ये एका व्हिएतनामी वैमानिकाने हे विमान विमानवाहू नौकेवर उतरवलं होतं, ते ६० अंशांमुळेच जमलं का?

---

शेपटीचाक

फ्लॅप दोन कामं करतात. पहिल्या वीस-तीस अंशांत मुख्यतः उचल वाढते, म्हणजे कमी वेगात विमान हवेत राहतं. त्यापुढे उचल फारशी वाढत नाही, रोध मात्र वाढत जातो. साठ अंशांना फ्लॅप जवळजवळ ब्रेकच असतो. आघाडीवरच्या शेतातल्या, झाडांच्या रांगेमागच्या पट्टीवर उतरायचं तर झाड ओलांडल्यावर विमान तीव्र उतारावर खाली यायला हवं, पण त्याचा वेग वाढता कामा नये. नाक खाली घातलं आणि रोध नसला तर वेग वाढतो आणि विमान पट्टीवर तरंगत पुढे जातं. साठ अंशांवर नाक चांगलंच खाली असतं, धावपट्टी पूर्ण काचेत दिसते आणि वेग तसाच राहतो. ५० फुटी अडथळा ओलांडून सहाशे फुटांच्या आसपास थांबायचं सामर्थ्य त्यातून आलं. हेच फ्लॅप पुढे १९५२ च्या सेस्ना १७०बी वर आले, पण तिथे ४० अंशांवर थांबवले. नागरी वैमानिकाच्या हातात साठ अंश देण्यात धोका होता हे त्यांना दिसलं असावं.

तो धोका असा: उतरणं फसलं आणि पुन्हा वर जायचं ठरवलं, तर साठ अंश फ्लॅपवर पूर्ण ताकद लावूनही विमान जेमतेम वर चढतं. घाबरून फ्लॅप एकदम शून्यावर आणले तर उचल क्षणात जाते आणि विमान खाली बसतं. शिवाय कमी वेगात पूर्ण ताकद दिल्यावर नाक जोरात वर येऊ पाहतं आणि डावीकडे ओढतं. ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी सोय) उतरण्यासाठी मागे खेचलेलं असेल तर स्टिकवर बराच जोर लावावा लागतो. क्रम असा हवा: पूर्ण थ्रॉटल, स्टिक पुढे, उजवा रडर, फ्लॅप आधी अर्ध्यावर, वेग जमला की पुढचे, असं पायरीपायरीने.

मॉडेलमध्ये साठ अंश जरूर द्या, ते विमानाचं व्यक्तिमत्त्वच आहे, पण तीन टप्प्यांत: २०, ४०, ६०. सर्व्हो संथ ठेवा, पूर्ण खाली यायला तीन सेकंद तरी लागू देत. पहिल्या टप्प्याला नाक वर उसळतं म्हणून एलिव्हेटरला खाली मिसळ द्यावी लागते, म्हणजे फ्लॅपबरोबर तो आपोआप थोडा खाली जातो. ती किती ते उंचीवर जाऊन प्रत्येक टप्प्यावर वेगळं मोजा, कारण ती सरळ प्रमाणात वाढत नाही, वीसवरची मिसळ तिप्पट करून साठला चालत नाही. दोन्ही फ्लॅप एकाच कोनात येतायत का हे जमिनीवर कोनमापक लावून बघा. साठ अंशांवर तीन-चार अंशांचा फरकही विमानाला एका बाजूला लोळवतो. आणि मॉडेलवरही पूर्ण फ्लॅपवरून पुन्हा वर जायचा सराव उंचीवरच करून घ्या.

वजनाचा हिशेब सांगतो. २,४०० पौंड म्हणजे १,०८९ किलो, त्याला १२५ ने (५ × ५ × ५) भागलं की ८.७ किलो. पंखाचं क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, म्हणजे मॉडेलचं सुमारे ०.६५ चौरस मीटर. मूळ विमान फ्लॅप लावून ताशी ५४ मैलांच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे त्याहून संथ गेलं तर पंखाची उचल तुटते. त्याच प्रमाणात वजन ठेवलंत तर वेग पाचाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे मॉडेल ताशी ३९ किलोमीटरच्या जवळ स्टॉल होईल. मी सात किलोत बसवायचा प्रयत्न करीन. हलकं झालं की उतरणं खऱ्यासारखं संथ दिसतं.

पाय लवचीक पोलादी पट्टीचे. स्टीव्ह विटमनची ती कल्पना सेस्नाने घेतली. साधे, मजबूत, पण जोरात आपटलं तर विमान परत उडवतात, कारण धक्का शोषून घेणारं त्यात काही नाही. मुख्य चाकांच्या मागे गुरुत्वमध्य असल्याने शेपटी एकदा बाजूला गेली की ती आणखी बाहेर जाऊ पाहते, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आडवा वारा, थोडा ब्रेक आणि उशिरा दिलेला रडर एवढं पुरतं. मॉडेलमध्ये चाकांचा आस गुरुत्वमध्याच्या फार पुढे नेऊ नका. जितका पुढे, तितकी शेपटी जड आणि ग्राउंड लूप लवकर. पण फार मागे आणलात तर थ्रॉटल दिल्यावर नाकावर जाईल. चाकं एक-दोन अंश आत वळवलेली ठेवा, शेपटीच्या चाकाला रडरशी स्प्रिंगने जोडा, थेट तारेने नको. उतरल्यावर विमान पूर्ण थांबेपर्यंत रडरवरून बोट काढायचं नाही.

आता विमानवाहू नौकेचं. दक्षिण व्हिएतनामच्या हवाईदलातले मेजर बुआंग-ली, सायगाव पडत असताना एप्रिल १९७५ च्या अखेरीस, कोन सोन बेटावरून पत्नी आणि पाच मुलांना घेऊन निघाले आणि त्यांना ‘मिडवे’ नौका दिसली. रेडिओ संपर्क होत नव्हता. त्यांनी चिठ्ठी टाकून डेक मोकळा करायची विनंती केली, तासभर पुरेल एवढं इंधन आहे असं त्यात लिहिलं होतं. कॅप्टन लॅरी चेंबर्स यांनी हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलून डेक मोकळा केला.

इथे फ्लॅपपेक्षा वाऱ्याचा हिशेब निर्णायक होता. नौका २५ नॉटने पळवली, समोरून वारा सुमारे १५ नॉट, म्हणजे डेकवर ४० नॉट. बर्ड डॉग ६० नॉटच्या आसपास येत असेल तर डेकच्या मानाने त्याचा वेग उरला वीस नॉट, म्हणजे एखाद्या सायकलस्वाराचा. नौकेच्या मागे हवा खाली खेचली जाते, तो धोका मात्र खरा होता, आणि विमानाला हुक नव्हता. अडकवायच्या तारा काढून घेतल्या होत्या, नाहीतर एवढ्या लहान चाकांना त्याच अडखळवून पाडलं असतं. विमान एकदा उसळलं आणि थांबलं. दोन माणसांच्या विमानात सात जण होते. ते विमान आज फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल संग्रहालयात आहे, त्याचे भरपूर जवळचे फोटो मिळतात. संदर्भ म्हणून त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

---

धूर_रॉकेट

व्हिएतनामचं रूप करायचं ठरलं तर थोडी भर. १९६३ मध्ये अमेरिकन हवाईदलाची १९ वी टॅक्टिकल एअर सपोर्ट स्क्वॉड्रन बिएन होआला उभी राहिली आणि १९६५ पासून तशा आणखी तुकड्या आल्या. त्यांच्या विमानांचा रंग फिकट राखाडी. लष्कराची मात्र हिरवट ऑलिव्ह. हे दोन रंग एकमेकांत मिसळू नका. हवाईदलासाठी जुन्या ओ-१ए आणि प्रशिक्षण विमानांतून बदल करून ओ-१एफ, ओ-१जी अशी रूपं तयार केली, कारण नव्याने बनवायला वेळ नव्हता.

इथे मागची सीट बरेचदा रिकामी किंवा दक्षिण व्हिएतनामी निरीक्षक बसलेला. सगळं काम वैमानिकावर: एफएमवर जमिनीवरच्या सैन्याशी, यूएचएफवर लढाऊ विमानांशी, व्हीएचएफवर नियंत्रण केंद्राशी, आणि शिवाय विमान उडवायचं. पंखाखाली २.७५ इंची रॉकेटं, पांढऱ्या फॉस्फरसची, साधारणपणे प्रत्येक पंखाला दोन. निशाणा धरायला दर्शक नव्हताच. वैमानिक समोरच्या काचेवर तेलकट पेन्सिलने खूण करायचा आणि ती लक्ष्यावर आणून विमान सूर मारल्यासारखं खाली घालून रॉकेट सोडायचा. १:५ मध्ये ती बारीक खूण केलीत तर फार छान दिसेल, आणि ती पूर्ण खरी आहे.

रॉकेट नेमकं लागलंच पाहिजे अशी गरज नसते. लढाऊ विमानांना आधी लक्ष्याची उंची, वाऱ्याची दिशा, आपलं सैन्य कुठे आहे आणि बाँब टाकून कुठल्या बाजूला वळायचं हे सांगायचं. मग धूर उठवायचा, आणि ‘धुरापासून पन्नास मीटर उत्तरेला’ असं बोलायचं. घनदाट झाडीत धूर फांद्यांखाली अडकतो आणि वर येईपर्यंत वाऱ्याने सरकतो. म्हणून धूर वर आल्याबरोबर दुरुस्ती द्यायची आणि लढाऊ विमान त्या वेळी फेऱ्याच्या योग्य बाजूला असेल असं बघायचं. मिनिटभर उशीर झाला की धूर खोटं सांगायला लागतो.

उणिवाही खऱ्या होत्या. चिलखत नव्हतं, गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्या नव्हत्या, इंजिन एकच. म्हणून बंदुकीच्या माऱ्यापासून दूर राहायला १,५०० फुटांच्या खाली जायचं नाही हा संकेत. पण तिथून झाडाखालचा माणूस दिसत नाही, मग लोक खाली जायचेच. कॅप्टन हिलियार्ड विल्बँक्स यांचं २४ फेब्रुवारी १९६७ चं उड्डाण यातलंच. दा लाटजवळ रेंजर तुकडी कचाट्यात सापडली, रॉकेटं संपली, तेव्हा त्यांनी बाजूच्या खिडकीतून एम-१६ रायफलीने गोळ्या झाडत पुन्हा पुन्हा खालून फेऱ्या मारल्या आणि त्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. या युद्धात सगळ्या कारणांनी मिळून ४६९ बर्ड डॉग गेली. १९६७ पासून दोन इंजिनांचं सेस्ना ओ-२ आणि १९६८ पासून ओव्ही-१० आल्यावर हवाईदलाने याला हळूहळू मागे घेतलं. १९७२ मध्ये खांद्यावरून सोडायची एसए-७ क्षेपणास्त्रं आल्यावर तर संथ विमानाला खाली फिरणं फारच अवघड झालं.

या विमानाचा कस रॉकेटांत नव्हता हे मला सांगावंसं वाटतं. तोच वैमानिक तोच जिल्हा रोज बघायचा. कुठल्या शेतात आज कुणी नाही, कुठली पायवाट कालपेक्षा रुंद झालीय, कुठे नसायला हवा तिथे चुलीचा धूर आहे, हे त्याला कळायचं. ताशी शंभर मैलांच्या विमानातूनच ते दिसतं.

---

तोफेचा_डोळा

एक भर आपल्याकडची. ब्रिटिश पद्धतीत, आणि तीच भारताने घेतली, तोफखान्याचा अधिकारीच विमान उडवतो आणि तोच मारा जुळवतो. अमेरिकन पद्धतीत वैमानिक वेगळा आणि निरीक्षक वेगळा. म्हणूनच आपल्या एअर ओपी (हवाई निरीक्षण) फ्लाइटचे वैमानिक मुळात तोफखान्याचे अधिकारी. आधी त्यांच्याकडे ऑस्टर एओपी ६ आणि एओपी ९ होती. मग हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ‘कृषक’ १९६५ पासून आलं. पुष्पक या क्लबच्या विमानाला मोठं करून ते बनलं, पहिला नमुना १९५९ मध्ये उडाला होता. एचटी-२ पासूनच्या या विमानांमागे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं नेतृत्व होतं, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कृषकचं इंजिन कॉन्टिनेंटल ओ-४७०-जे, २२५ अश्वशक्ती, म्हणजे बर्ड डॉगच्याच घराण्यातलं. पाकिस्तानी लष्कराकडे एल-१९ होती, तेव्हा १९७१ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातली इंजिनं हवेत होती. ५ डिसेंबरला लोंगेवालावर जैसलमेरहून येणाऱ्या हंटर विमानांना रणगाडे दाखवणारे मेजर आत्मासिंग कृषकमध्येच होते.

कृषकमध्ये दोन जण शेजारी-शेजारी आणि मागे फिरती तिसरी सीट. शेजारी बसल्याने बोलणं सोपं, पण प्रत्येकाची एक बाजू झाकली जाते. एकामागे एक बसवण्याचा निर्णय सेस्नाने का घेतला ते त्यावरून कळेल. पुढे या कामाला चीता हेलिकॉप्टरं आली. नाशिक-देवळालीकडच्या मंडळींना ती चांगली परिचयाची आहेत.

---

मॉडेलवाला_डोंबिवली

ठरलं, एल-१९ए, कोरिया, १९५१-५२. ऑलिव्ह रंग, रॉकेटं नाहीत, शेपटीवर शून्य नाही, मागची स्टिक काढलेली. एकच विचारायचं राहिलं: डोक्यावरच्या काचेला किती जाडीचं प्लास्टिक वापरू?

---

शेपटीचाक

१ मिलिमीटर पीईटीजी. ०.५ घेतलंत तर उन्हात पंखाच्या वळणावर लाटा येतात आणि दीड घेतलंत तर हाताने वाकत नाही. कडेला गोंद लावण्याआधी बारीक सॅंडपेपर मारा. सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू) इथे वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. कॅनोपी ग्लू लावून एक रात्र टेपने धरून ठेवा, आणि रंग झाल्यावर शेवटी बसवा.